नाताळच्या ताटाची परतफेड

24 डिसेंबरला दिवेलागणीच्या सुमारास वरच्या मजल्यावरून आंटींची थोरली मुलगी ताट घेऊन खाली येई. आमचे घर तेव्हा ठाण्यात चरईत होते, एका जुन्या तीन मजली इमारतीत, आणि आंटींचे घर बरोबर आमच्या डोक्यावर. ताट साधे स्टीलचेच असे, परंतु त्यावर पांढऱ्या दोऱ्याचा क्रोशाचा रुमाल पसरलेला असे आणि त्याच्या जाळीतून आतले रंग दिसत: मिल्क क्रीमची गुलाबी आणि पिस्ता रंगाची फुले, पेरूच्या चीजच्या गडद तांबड्या वड्या, साखरेच्या पाकाने पांढरट झालेले कुलकुल, ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या, वर चिरा पडलेल्या नानकटाया. केकचे दोन तुकडे मात्र त्या ताटात नसत. ते वेगळ्या बशीत, कागदात गुंडाळून येत, कारण केकमध्ये अंडे असे आणि आमची आजी अंडे खात नसे. आम्ही त्या इमारतीत राहत होतो तितकी सगळी वर्षे ती बशी वेगळीच आली. त्या वेगळ्या बशीचे महत्त्व मला पुष्कळ उशिरा, स्वतः लोकांना खाऊ करून द्यायला लागल्यावर कळले.

ताट रिकामे परत पाठवायचे नाही, ही रीत आमच्याकडे होती आणि त्यांच्याकडेही. पण दिवाळीचा फराळ दीड-दोन महिन्यांपूर्वीच वर जाऊन आलेला असे, डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा सादळलेला असे आणि संक्रांतीचे तिळगूळ करायला अजून अवकाश असे. त्यामुळे आई ताट घासून पुसून त्यात कधी वाटीभर साखर, कधी नारळ, कधी जांभळी नाक्यावरून आणलेली चार फळे ठेवून ते वर पाठवी. दर वर्षी ती तेच वाक्य म्हणे, "त्यांनी आठ दिवस खपून केले, आणि आपण त्यांना दुकानातली साखर देतो, हे काही बरे नाही." ही तिची रुखरुख मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि नाताळला हाताने केलेला खाऊ द्यायचा असे मी पुढे ठरवले त्याचे खरे मूळ त्या रुखरुखीत आहे.

आंटी ईस्ट इंडियन. हे नाव ऐकून अनेकांना ही मंडळी पूर्वेकडून कुठून तरी आली असावीत असे वाटते, पण ती इथलीच, साष्टीची, वसईची, ठाण्याची. पोर्तुगीज अंमलात सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती झालेले इथले शेतकरी, कोळी, भंडारी आणि इतर कुटुंबे, ज्यांनी घरातली मराठी बोली सोडली नाही. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, पुढे इंग्रज आले. आणि 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतले. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे आणि त्याच तलावाजवळ कोपिनेश्वराचे देऊळ आहे. तलावपाळीवर फिरायला गेले की दोन्ही घंटा ऐकू येतात. त्या परिसरात वाढलेल्या माझ्यासारखीला नाताळ हा परक्यांचा सण कधी वाटला नाही, आणि त्याचे कारण चर्चपेक्षाही ते ताट होते.

त्या ताटाला गोव्याकडे आणि मंगळूरकडे कुस्वाद, कुसवार अशी नावे आहेत. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला पोर्तुगीज भाषेत कोन्सोआदा म्हणतात, त्या शब्दाचेच हे रूप. पण ताटातले पदार्थ पाहावेत तर त्यांत आपलाच स्वयंपाक दिसतो. नेवऱ्या म्हणजे करंज्याच. दोदोल म्हणजे तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाचे दूध घोटून केलेला हलवा. पेरूचे चीज तर मुळात पेरूचे नव्हतेच. पोर्तुगालमध्ये मार्मेलो नावाच्या आंबट, कडक फळाचा साखरेत आटवून घट्ट गोळा करीत. पोर्तुगीज लोक ब्राझीलला गेले तेव्हा तिथे ते फळ नव्हते, पेरू होता, म्हणून त्यांनी पेरूचा केला. आणि तो पेरू त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आला. काजूचेही तेच. ज्या दोन झाडांवाचून आज कोकणची कल्पना करता येत नाही, ती दोन्ही साता समुद्रांपलीकडची आहेत आणि नाताळच्या ताटात ती शेजारी शेजारी बसतात. चीज या शब्दावर मुले अडतात, कारण त्यांना पिझ्झावरचे चीज आठवते. इथे चीज म्हणजे सुरीने कापता येईल इतका घट्ट आटवलेला फळाचा गर, एवढाच अर्थ आहे.

लग्नानंतर मी घोडबंदर रोडवर राहायला आले. उंच इमारत, एका मजल्यावर सहा दारे, आणि सणाला एकमेकांना द्यायच्या वस्तू म्हणजे सुक्या मेव्याची चार कप्प्यांची खोकी, ज्यांत खोके मोठे आणि मेवा मूठभर. ती खोकी पुष्कळदा न उघडताच पुढच्या घरी जात. आमच्याकडून निघालेले एक खोके वर्षभराने आमच्याकडेच परत आले होते, आत मनुका वाळून कडक झाल्या होत्या. ते कोणी दिले ते मी सांगणार नाही, कारण आम्हीही दुसऱ्या कुणाची खोकी अशीच पुढे दिलेली होती. काही वर्षांपूर्वी घरात पैशांची ओढाताण सुरू झाली आणि तेवढी खोकी घेणेही जड वाटू लागले. डिसेंबरात मुलीच्या शाळेतल्या बाई, तिच्या तीन मैत्रिणी, आमच्या मजल्यावरचे केरळी कुटुंब, नवऱ्याचे एक जुने सहकारी आणि आंटी, अशी द्यायची माणसे होती आणि हातात पैसे नव्हते. तेव्हा मी पहिल्यांदा घरी करायचे ठरवले.

ते पहिले वर्ष चुकले, आणि कसे चुकले ते सांगणे मला आवश्यक वाटते. मला ओल्या नारळाच्या वड्या चांगल्या येतात, म्हणून त्याच केल्या. चार नारळ खवले, साखर, दूध, वेलची. वड्या पांढऱ्याशुभ्र आणि मऊ झाल्या होत्या. 23 तारखेच्या रात्री अकरा वाजता मी त्या पाडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वाटायच्या म्हणून, अजून कोमट असतानाच, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून, वरून रिबिनी बांधून टाकल्या. वाफ आत कोंडली, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमले आणि ते वड्यांवर पडले. साखर भरपूर असली की पदार्थ टिकतो, कारण ती पाणी धरून ठेवते आणि बुरशीला ते मिळू देत नाही. पण वरच्या थरावर पाणी पडले की तिथली साखर पातळ होते आणि तेवढी जागा बुरशीला पुरते. चौथ्या दिवशी आमच्या समोरच्या काकूंनी मला जिन्याशी थांबवून, अगदी हळू आवाजात, वड्यांना वास येतो आहे, तुम्हीही खाऊ नका, असे सांगितले. त्यांनी सांगितले हे त्यांचे उपकार. बाकी कुणी सांगितले नाही, आणि त्यांनी त्या मुकाट्याने टाकून दिल्या असणार, हे मला आजही लागते.

त्या संध्याकाळी मी आंटींना फोन केला. आमची जुनी इमारत पाडली गेल्यावर त्या उथळसरला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बाजारात सध्या काय स्वस्त आहे?" मी म्हटले, पेरू. "मग नारळाच्या मागे कशाला लागलीस? डिसेंबरात पेरूच करायचा असतो." त्यानंतर जवळजवळ अर्धा तास त्या बोलत होत्या आणि मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होते. ते पान मी आता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे.

पेरू पूर्ण पिकलेला, हाताला मऊ लागणारा घ्यायचा नाही. नुकताच पिवळटलेला, वास सुटलेला पण अजून टणक असलेला घ्यायचा, आणि किलोत एखादा कच्चट हिरवाही चालतो. फळाला घट्टपणा देणारे पेक्टिन पेरूत भरपूर असते आणि फळ फार पिकले की ते कमी होत जाते. साखर आणि आंबटपणा यांची जोड मिळाली की तेच गराला धरून ठेवते. म्हणूनच यात जिलेटिन लागत नाही की चायना ग्रास लागत नाही. एक किलो पेरूच्या फोडी बुडतील न बुडतील इतक्या पाण्यात शिजवायच्या आणि गर गाळून घ्यायचा. मी पुरणयंत्राची बारीक जाळी लावते आणि तो गर पुन्हा पिठाच्या चाळणीतून घासून काढते, कारण वडीत दाताखाली एक जरी बी आली तरी सगळी मेहनत वाया जाते. गर मोजायचा, आणि एक वाटी गराला पाऊण वाटी साखर. आंटी वाटीला वाटी घालतात, मी थोडी कमी करते, आणि त्यावरून आमचा दर वर्षी वाद होतो.

त्यानंतरचा पाऊण तास पातेल्यापासून हलता येत नाही. सुरुवातीला गर फिका, पातळ आणि बेताचा उकळणारा असतो. मग तो दाटू लागतो, बुडबुडे मोठे होतात आणि फुटताना लाव्हारसासारखे थेंब उडवतात. त्यासाठी लांब दांड्याचा उलथना हवा आणि हाताला कोपरापर्यंत पंचा गुंडाळलेला बरा, कारण साखरेचा चटका खोल जातो. रंग हळूहळू बदलतो, फिक्या मातकटाचा तांबूस आणि तांबसाचा गडद होत जातो, आणि आतून गुलाबी असलेला पेरू मिळाला तर तो रंग पाहण्यासारखा असतो. याच टप्प्यावर एका लिंबाचा रस आणि मोठा चमचाभर लोणी घालायचे. मग एक वेळ अशी येते की उलथना फिरवल्यावर पातेल्याचा तळ क्षणभर दिसतो आणि गर लगेच परत जागेवर येत नाही. आंटींच्या मते इथे थांबायचे नाही. बशीवर थेंब टाकून, गार होऊ देऊन, तो बोटांत वळून पाहायचा. बोटाला न चिकटता गोळी झाली तर उतरवायचे. आधी उतरवले तर वड्या पडत नाहीत, फार उशिरा उतरवले तर त्या चामड्यासारख्या होतात. पुरणाला, साटोरीच्या खव्याला, गुळाच्या पाकाला हीच परीक्षा असते, त्यामुळे आपल्याकडच्या कुठल्याही बाईच्या हाताला ती नवी नाही. फक्त आपण ती सण म्हटला की दिवाळीपुरती किंवा होळीपुरती राखून ठेवतो.

तूप लावलेल्या थाळीत गर ओतून वाटीच्या बुडाने सारखा करायचा आणि रात्रभर उघडा, वर नुसते मलमलचे फडके टाकून ठेवायचा. डिसेंबरात ठाण्याची हवा वर्षातल्या इतर दिवसांच्या मानाने कोरडी असते आणि ती इथे कामाला येते. सकाळी कापायच्या, आणि डब्यात भरायच्या त्या पूर्ण गार झाल्यावरच. एक किलो पेरूच्या माझ्या सुमारे चाळीस वड्या होतात. मागल्या डिसेंबरात पेरू, साखर, लिंबू आणि लोणी मिळून मला दीडशे रुपयांच्या आत खर्च आला. एका घरी सहा वड्या दिल्या तर सहा घरे होतात, म्हणजे घरटी 25 रुपये. त्या महिनाभर सहज टिकतात. याच्याहून कमी पैशांत दुसरे काय देता येईल हे मला अजून सुचलेले नाही.

मिल्क क्रीम दिसायला अधिक सुंदर, पण काजूमुळे महाग पडते, आणि दूध असल्याने आठवडाभरातच संपवावे लागते. काजू तुकडा घेतला तर खर्च बराच उतरतो, कारण शेवटी ते वाटायचेच असतात. लिटरभर दुधाला पाव किलो काजूची पूड आणि चवीपुरती साखर, आटवून घट्ट गोळा, आणि रबराच्या साच्यांत दाबून काढलेली फुले. मी हे फक्त दोन-तीन घरांसाठी करते, जिथे लहान मुले आहेत.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो कुलकुल. मैद्यात थोडा रवा, तुपाचे मोहन, नारळाचे दूध आणि जराशी साखर घालून घट्ट भिजवलेले पीठ. त्याची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या उलट्या बाजूवर किंवा नव्या, स्वच्छ फणीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि त्याच हालचालीत उलटी गुंडाळून काढायची. शंखासारखी वळी तयार होते, वर बारीक रेषा उमटतात, आतून ती पोकळ राहते. मंद आचेवर तळायची आणि पाकात घोळवायची. आंटींनी मला हे पहिल्यांदा दाखवले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझी आजी आली, जी लग्नाच्या रुखवतासाठी उन्हाळ्यात पाटावर बसून भिजवलेल्या रव्याच्या नखुल्या, मालत्या आणि गव्हले वळत असे. बोटाची तीच दाबून ओढण्याची हालचाल, तीच नखाएवढी वस्तू, आणि आजूबाजूला बसलेल्या चार बायकांच्या तशाच गप्पा. नखुल्या खिरीत जातात आणि कुलकुल तळणीत, इतकाच फरक. आजी आणि आंटी एकाच इमारतीत इतकी वर्षे राहिल्या, पण आजीने कुलकुल कसे वळतात ते पाहिले नाही आणि आंटींनी नखुल्या पाहिल्या नाहीत. मुलांनी ताटे वरखाली नेली, पण त्या दोघी एका पाटावर कधी बसल्या नाहीत, याचे मला वाईट वाटते.

कुलकुल एकटीने वळण्याचा पदार्थ नाही. अर्ध्या किलो मैद्याला दोन तास लागतात आणि मान अवघडते. मी मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना शाळेची सुट्टी लागली की एका दुपारी घरी बोलावते, सहा काटे आणि दोन फण्या देते आणि पीठ पुढे ठेवते. पहिले वीस-पंचवीस वेडेवाकडे होतात, नंतर हात बसतो. तळणे मात्र मी कुणाला करू देत नाही. दिवाळीचा झारा आणि मोठी कढई तोवर माळ्यावर गेलेली नसते, ही आणखी एक सोय. संध्याकाळी प्रत्येक मुलगी स्वतः वळलेले कुलकुल बाटलीत भरून घरी नेते, आणि ती आपल्या आईला बाटलीतले आपले कोणते हे दाखवते.

गोड इतके झाल्यावर काही तरी तिखट हवेच, आणि इथे मी आंटींच्या ताटाबाहेर गेले. 25 डिसेंबरला प्रत्येक घरात केक, चॉकलेट, मिठाई यांची रांग लागलेली असते, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांची तोंडे मिट्ट गोड होतात. त्यात लाल तिखट, भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि लसूण यांच्या कोरड्या चटणीची छोटी बाटली पोहोचली तर ती सगळ्यांत आधी उघडली जाते, असा माझा अनुभव आहे. लसूण थोड्या तेलात परतून त्यातले पाणी पूर्ण घालवायचे, खोबरे खमंग भाजायचे, सगळे गार करून खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे, म्हणजे तेल सुटून गोळा होत नाही. ही चटणी आमच्या घरची, माझ्या आईच्या हातची, आणि त्यांच्या ताटाला आमच्याकडून जाणारे खरे उत्तर हेच असावे असे मला वाटते. ज्यांना मधुमेह आहे त्यांना तर मी फक्त हीच देते, आणि याच दिवसांत भरपूर मिळणाऱ्या आवळ्याची, सैंधव लावून उन्हात वाळवलेली सुपारी. कुणाला काय चालत नाही हे आठवून दिलेली वस्तू त्या माणसाला बरोबर कळते.

इथे ती वेगळी बशी परत येते. नाताळ बहुतेक वेळा मार्गशीर्षाच्या किंवा पौषाच्या दिवसांत येतो. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांत मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात आणि त्या महिन्यात घरात अंडे येत नाही. एका घरातल्या मुलाला शेंगदाणा आणि काजू सोसत नाही. वरच्या मजल्यावरचे आजोबा जैन आहेत, त्यांना लसूणही चालत नाही. म्हणून मी प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवते आणि त्यावर काय काय घातले आहे, कोणत्या तारखेला केले आणि कधीपर्यंत खावे, हे मराठीत ठळक लिहिते. नारळाच्या वड्यांच्या त्या वर्षी अशी चिठ्ठी असती तरी निदान लोकांना विचारायला सोपे गेले असते.

केक मी करत नाही. आंटींच्या लहानपणी आणि माझ्याही लहानपणी घरात ओव्हन नव्हता. नाताळात केकचे मिश्रण आणि दिवाळीत नानकटाईचे पीठ, दोन्ही डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर नेत आणि आपापले पत्रे ओळखता यावेत म्हणून त्यांवर खुणा करत. नानकटाई मात्र मी अजून करते, अंड्याशिवाय, साजूक तुपाची, आणि ती बाटलीत तीन आठवडे खुसखुशीत राहते.

बाटल्या जॅमच्या, लोणच्याच्या, मधाच्या, वर्षभर साठवलेल्या. गरम पाण्यात उकळून, उन्हात पालथ्या घालून पूर्ण वाळवाव्या लागतात, आणि लोणच्याच्या बाटलीच्या झाकणाचा वास जात नसेल तर ती गोडासाठी वापरू नये. वर जुन्या सुती साडीचा गोल तुकडा आणि सुतळी. एवढेच मला पुरेसे वाटते. चकाकी, रिबिनी, प्लॅस्टिकची पारदर्शक पाने यांवर पैसे घालवले तर ते पेरूच्या खर्चापेक्षा जास्त होतात.

माप लहान ठेवावे हे मी आता आग्रहाने सांगते. किलोभर मिठाई आली की घरातली बाई आधी ती कुणाला द्यावी याचा विचार करते, पण सहा वड्या आणि पसाभर कुलकुल आले तर ते घरातच, चहाबरोबर, त्याच दिवशी खाल्ले जातात. घरकामाला येणाऱ्या मावशींना आणि रखवालदारालाही मी हेच डबे देते, तेवढेच, तसेच बांधलेले. त्यांना पैसे द्यायचे असतील तर ते दिवाळीला, वेगळे, पाकिटात. खाऊ हा बक्षिसाच्या ऐवजी दिला तर त्यांचा अपमान होतो असे माझे स्पष्ट मत आहे.

मागल्या वर्षी 24 तारखेला दुपारी मी उथळसरला गेले. आंटींचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे, गुडघ्यांमुळे त्यांना ओट्याशी फार वेळ उभे राहवत नाही, आणि गेली दोन वर्षे त्यांच्याकडे ताट सुनेच्या हातचे होते. टेबलावर तोच क्रोशाचा रुमाल होता, एका कोपऱ्याला नव्या दोऱ्याने विणून दुरुस्त केलेला. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी पेरूची एक वडी उचलून अंगठा आणि तर्जनीत धरली, दाबली, उजेडाकडे नेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "अजून पाच मिनिटे ढवळायला हवे होते. आणि साखर पुन्हा कमी घातलीस." मग त्या वडीचा कोपरा एवढाच तुकडा तोडून त्यांनी तोंडात टाकला आणि उरलेली वडी नातवाच्या हातात दिली, कारण डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केले आहे.

"माझी लाल बाटली कुठे आहे?" त्यांनी विचारले.

मी पिशवीतून चटणीची बाटली काढून दिली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, सुनेला हाक मारून ती चटणी त्यांच्या बरणीत काढून ठेवायला सांगितली आणि बाटली धुऊन पुसून परत आणायला लावली. मग फळीवरून गडद तपकिरी काचेची एक मोठी बाटली खाली आली. उन्हाळ्यात केलेला त्यांचा बॉटल मसाला होता तो. पूर्वी बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरत, म्हणून त्याचे नाव तसे. त्यांनी चमच्याने माझी बाटली काठोकाठ भरली, दर तीन-चार चमच्यांनी ती टेबलावर हळूच आपटत, म्हणजे आत पोकळी राहू नये. झाकण नीट बसत नव्हते, म्हणून मध्ये वर्तमानपत्राचा घडी घातलेला तुकडा ठेवून त्यांनी ते आवळले. रिक्षात बसल्यावर माजिवड्याचा सिग्नल येईपर्यंत त्या कागदातून मसाल्याचा वास सुटला, आणि रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहत विचारले, "ताई, काय घेऊन चाललात?"